एक्स-रे विभागात नव्याने रुजू होताय? रेडिएशनपासून सांभाळायचं कसं

एक्स-रे विभागात नवा मुलगा किंवा मुलगी रुजू झाली की पहिल्याच आठवड्यात दोन सल्ले फुकट मिळतात. एक जुन्या टेक्निशियनचा: "काही होत नाही, आम्ही आयुष्य काढलं इथं." दुसरा घरच्यांचा: "ती लाईन सोड, पुढं मूलबाळ व्हायचंय." दोन्ही मायेपोटी दिलेले असतात आणि दोन्हींचा उपयोग शून्य, कारण सकाळी ड्युटीवर उभं राहिल्यावर नेमकं काय करायचं ते त्यांत नसतं. ते इथे क्रमाने लिहितोय. डिप्लोमा किंवा बी.एस्सी. करून इंटर्नशिपला लागलेल्यांसाठी तर आहेच, पण ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) सी-आर्मजवळ, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या कमानीसारख्या मशीनजवळ, उभ्या राहणाऱ्या सिस्टर आणि कॅथलॅबला (हृदयाच्या तपासण्या होतात तिथे) बदली झालेले वॉर्डबॉय यांनीही वाचावं. त्यांना हे कुणी बसवून शिकवत नाही.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

तुमच्या वाट्याला येणारा रेडिएशनचा जवळजवळ सगळा डोस पेशंटच्या अंगावरून येतो. ट्यूबमधून निघणारा मुख्य झोत कोलिमेटरने, म्हणजे ट्यूबच्या तोंडाशी झोताला आवर घालणाऱ्या झडपांनी, बांधलेला असतो. त्यात तुम्ही स्वतः शिरला नाहीत तर तो तुम्हाला लागत नाही. ट्यूबच्या आवरणातून होणारी गळती एक मीटरवर तासाला १ मिलिग्रेच्या (शोषला गेलेला डोस मोजायचं एकक) आत ठेवावी लागते आणि प्रत्यक्षात ती त्याहून बरीच कमी असते. उरतं ते स्कॅटर. किरण पेशंटच्या शरीरात शिरतात, थोडे आरपार जाऊन चित्र टिपणाऱ्या डिटेक्टरवर पोचतात, बरेचसे आत जिरतात आणि काही चहूबाजूंना फुटतात. पेशंटच्या त्वचेवर जेवढा डोस पडतो, त्याच्या साधारण हजाराव्या हिश्शाइतकं स्कॅटर एक मीटरवर उभ्या माणसापर्यंत येतं. दोन मीटरवर त्याचा चौथा हिस्सा, तीन मीटरवर नववा.

यातून पुढचं सगळं आपोआप निघतं. पेशंटला कमी डोस दिलात की तुम्हालाही कमी मिळतो. एक पाऊल मागे सरकणं हे सगळ्यांत स्वस्त संरक्षण आहे. आणि खोलीत पाऊल टाकताच स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: पेशंट कुठे आहे आणि त्याच्या कोणत्या बाजूने किरण आत शिरणार आहेत?

एक गैरसमज इथेच मिटवून टाकू. एक्स्पोजर संपल्यावर खोलीत काही उरत नाही. ट्यूबलाईट बंद केल्यावर उजेड जसा मागे रेंगाळत नाही, तसंच. "दहा मिनिटं दार उघडं ठेवा, रेडिएशन निघून जाऊ दे" असं सांगणारे आजही भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण स्वतः तो समज उचलू नका. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये (किरणोत्सारी औषध पेशंटला देऊन करायच्या तपासण्यांत) मात्र गोष्ट वेगळी आहे, त्याबद्दल पुढे.

पहिली पायरी: मशीनच्या आधी खोली बघा

रुजू झाल्याच्या दिवशी सगळे तुम्हाला मशीनचं कन्सोल दाखवतील. तुम्ही भिंती बघा. साध्या एक्स-रे खोलीला चारही बाजूंनी निदान २३ सेंटिमीटर, म्हणजे नऊ इंची विटांची भिंत किंवा तेवढ्या ताकदीचं शिसं, साधारण १.७ मिलिमीटर, लागतं. चेस्ट स्टँडच्या (छातीच्या एक्स-रेसाठी पेशंट ज्याला टेकून उभा राहतो त्याच्या) मागची भिंत त्याहून जाड, ३५ सेंटिमीटरची, कारण तिच्यावर मुख्य झोत थेट येतो. दारातही शिसं हवं. खिडकी असेल तर ती बाहेरच्या जमिनीपासून दोन मीटरच्या वर हवी.

हे फूटपट्टी घेऊन मोजायला सांगत नाही. लेआउट अणुऊर्जा नियामक मंडळाकडून, म्हणजे ज्याला सगळे 'एईआरबी' म्हणतात त्याच्याकडून, आधीच पास झालेला असतो. १९८३ साली स्थापन झालेलं हे मंडळ मुंबईतच आहे आणि हल्ली सगळा कारभार 'ई-लोरा' या ऑनलाइन यंत्रणेतून चालतो. पण पास झालेल्या नकाशानंतर खोलीत काय काय होतं ते बघायचं. एसीचा पाइप घालायला भिंतीला भोक पाडलेलं असतं. दार लोंबून खाली बोटभर फट पडलेली असते. चेस्ट स्टँड सोयीसाठी दुसऱ्या भिंतीला सरकवलेला असतो आणि त्या भिंतीपलीकडे नेमका वेटिंगचा बाक. असं काही दिसलं तर रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला, आरएसओला, सांगा. तुमच्या दवाखान्यात आरएसओ कोण आहे हे पहिल्या दिवशीच विचारून घ्या. उत्तर द्यायला लोकांना वेळ लागला तर त्यावरूनही विभागाचा अंदाज येतो.

दारावरचा लाल दिवा एक्स्पोजरच्या वेळी खरंच लागतो का, गर्भवती महिलांसाठीची सूचना मराठीत आणि वाचता येईल अशा जागी आहे का, तेही पाहा. बऱ्याच ठिकाणी ती सूचना दाराच्या त्या फळीवर असते जी दिवसभर उघडीच असते, म्हणजे भिंतीकडे तोंड करून.

दुसरी पायरी: टीएलडी बॅज

टीएलडी बॅज म्हणजे तुम्हाला मिळालेला डोस मोजणारा बिल्ला. तो तुमचं रक्षण करत नाही, फक्त हिशोब ठेवतो. आत एक कार्ड असतं, त्यावर कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या, त्यांत डिस्प्रोसियम मिसळलेलं. किरणांची ऊर्जा त्या चकत्या धरून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्यावर ती उजेडाच्या रूपात सोडतात. किती उजेड आला त्यावरून डोस काढतात. कार्ड साधारण दर तीन महिन्यांनी बदलतं.

कुठे लावायचा? छातीच्या उंचीवर, आणि शिशाचा एप्रन घातला असेल तर एप्रनच्या आत. बाहेर लावला तर एप्रनवर पडलेला डोस तुमच्या नावावर चढतो. बॅज फक्त स्वतःचा वापरायचा. शिफ्ट बदलताना "तुझा दे जरा, माझा घरी राहिला" हे चालत नाही, दोघांचेही आकडे बिघडतात.

बॅज संध्याकाळी कुठे जातो याकडे विशेष लक्ष द्या. एप्रनच्या स्टँडकडे कधी नीट बघा: पाच एप्रन टांगलेले, त्यांतल्या तिघांच्या खिशाला बॅज लटकलेले, आणि स्टँड एक्स-रे खोलीत, टेबलापासून चार पावलांवर. रात्रभर इमर्जन्सीचे एक्स-रे चालू असतात आणि घरी झोपलेल्या माणसाच्या नावावर डोस जमा होतो. मग तीन महिन्यांनी वाढलेला आकडा येतो, चौकशीचं पत्र येतं आणि धावपळ. बॅज ठेवायची जागा ठरवा, एक्स-रे खोलीपासून लांब, ऑफिसच्या कपाटात. तिथेच 'कंट्रोल' लिहिलेला एक बॅज असतो. तो कुणीही लावायचा नाही आणि एक्स-रे खोलीत आणायचा तर नाहीच, कारण तो सगळ्यांच्या वजाबाकीसाठी असतो. स्वतःचा दातांचा किंवा छातीचा एक्स-रे काढायचा असेल तेव्हा बॅज काढून ठेवा. कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका.

काही जण उलटंही करतात. डोस जास्त दिसू नये म्हणून सी-आर्मच्या दिवशी बॅज मुद्दाम ड्रॉवरमध्ये टाकून जातात. कोरा रिपोर्ट बघून कोणाला समाधान मिळतं ते मला आजवर कळलेलं नाही.

तिसरी पायरी: एक्स-रे खोलीतलं रोजचं काम

इथे नियम मोजके आहेत. दार पूर्ण बंद. तुम्ही बॅरियरच्या (शिशाच्या आडोशाच्या) मागे, पेशंट लेड ग्लासमधून, म्हणजे शिसं मिसळलेल्या काचेतून, दिसेल असे. नातेवाईक बाहेर. कोलिमेटर हव्या त्या भागापुरताच उघडा. मनगटाच्या एक्स-रेला कोपरापर्यंतचा प्रकाशचौकोन दिसला तर तो आवरा. चौकोन लहान केला की स्कॅटर कमी होतं आणि चित्रही सुधारतं.

खरा डोस वाढतो तो रिपीटमध्ये. पुन्हा काढावा लागलेला प्रत्येक एक्स-रे म्हणजे पेशंटला दुप्पट. आणि रिपीटची कारणं बहुतेक वेळा साधी असतात: लॉकेट राहिलं, नऊवारीची गाठ कमरेवर आली, श्वास धरा म्हणजे काय ते आजोबांना कळलंच नाही. एक्स्पोजरच्या आधी एकदा रंगीत तालीम करून घ्या. "बाबा, मोठा श्वास घ्या... आता सोडू नका... हां, सोडा." आजोबांना बरोबर जमलं की मगच बॅरियरमागे जा. यात अर्धा मिनिट जातो. बाहेर रांग असली तरी तो द्यायचाच.

डीआर आणि सीआर या डिजिटल पद्धती आल्यापासून एक नवी खोड लागली आहे. फिल्मच्या काळात जास्त एक्स्पोजर दिलं की फिल्म काळी व्हायची, चूक लगेच चव्हाट्यावर यायची. डिजिटलमध्ये जास्त दिलं तर चित्र उलट गुळगुळीत, देखणं येतं. कमी दिलं तर दाणेदार दिसतं आणि रेडिओलॉजिस्ट ओरडतात. साहजिकच हात हळूहळू वरच्या एमएएसकडे (किती किरण सोडायचे ते ठरवणाऱ्या आकड्याकडे) सरकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. स्क्रीनवर एक्स्पोजर इंडेक्स नावाचा आकडा येतो, तो दर वेळी बघायची सवय सुरुवातीलाच लावून घ्या. तुमच्या मशीनच्या कंपनीप्रमाणे त्याची मोजपट्टी वेगळी असेल, ती सीनियरकडून किंवा मॅन्युअलमधून समजून घ्या.

मूल धरायचं कोणी, हा रोजचा प्रसंग. उत्तर: आधी पट्टे, उशा, वाळूच्या पिशव्या. त्याने भागलं नाही तर नातेवाईक, त्यांतही गर्भवती नसलेलं मोठं माणूस, एप्रन घालून आणि झोताच्या बाहेर राहून. तुम्ही किंवा वॉर्डातल्या मावशींनी नाही. आई आयुष्यात एक-दोनदा धरेल, तुम्ही दिवसातून चार वेळा धराल. सुरुवातीला मदतीचा उत्साह असतो आणि मूल रडत असतं, म्हणून हे आधीच ठरवून ठेवा.

पेशंटच्या जननेंद्रियांवर शिसं ठेवण्याबद्दल आता मत बदललंय, तेही ठाऊक असू द्या. २०१९ पासून जगभरच्या तज्ज्ञ संस्था ते सरसकट ठेवू नका असं सांगू लागल्या आहेत, कारण शिसं सरकून नेमका हवा तो भाग झाकला जातो किंवा ऑटो एक्स्पोजर (किती किरण सोडायचे ते आपोआप ठरवणारी सोय) फसून डोस वाढतो. तुमच्या विभागाचं धोरण काय ते विचारा आणि ते पाळा. तुमच्या स्वतःच्या एप्रनशी याचा संबंध नाही, तो घालायचाच.

चौथी पायरी: पोर्टेबल

आयसीयूत पोर्टेबल मशीन नेलं की भिंती संपल्या. इथे अंतर हीच भिंत. एक्स्पोजर स्विचची वायर दोन मीटर तरी लांब असते, ती पूर्ण ताणून, एप्रन घालून, पेशंटपासून जमेल तितकं मागे उभं राहा. झोताची दिशा शेजारच्या कॉटकडे येत नाही ना बघा. आणि बटण दाबण्याआधी मोठ्याने, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणा: "एक्स-रे!" सुरुवातीला लाज वाटते. दोन आठवड्यांत सिस्टर तुमचा आवाज ऐकूनच मागे सरकू लागतात.

उलट भीतीही घालू नका. एका छातीच्या पोर्टेबलला दोन-तीन मीटरवरच्या माणसाला मिळणारा डोस अगदीच किरकोळ असतो. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला सोडून सगळा स्टाफ बाहेर पळतो, हे दृश्य तुमच्या ओरडण्यामुळे घडता कामा नये.

पाचवी पायरी: सी-आर्म आणि कॅथलॅब

सगळ्यांत सावध राहायचं ते इथे. एक्स-रे खोलीत तुम्ही भिंतीआड असता. इथे स्कॅटर फेकणाऱ्या पेशंटपासून हातभर अंतरावर, आणि तेही मिनिटांच्या हिशोबात.

पहिली गोष्ट, ट्यूब खाली आणि डिटेक्टर वर. किरण पेशंटच्या ज्या बाजूने शिरतात त्याच बाजूला स्कॅटर सर्वांत जास्त असतं. ट्यूब टेबलाखाली असली की ते स्कॅटर पायांकडे जातं, वर असली की थेट तोंडावर आणि डोळ्यांवर. काही ऑर्थो सर्जन जागा मिळावी म्हणून आर्म उलटा करायला सांगतात. अशा वेळी हळू आवाजात का होईना, सांगायचं. कमरेच्या किंवा खुब्याच्या लॅटरल, म्हणजे बाजूने घ्यायच्या, व्ह्यूला ट्यूब आडवी येते, तेव्हा तुम्ही डिटेक्टरच्या बाजूला उभे राहा. नव्या मुलांना रिकामी जागा दिसते ती नेमकी ट्यूबच्या बाजूची, कारण जुने तिथे थांबतच नाहीत.

दुसरी, डिटेक्टर पेशंटला जवळजवळ टेकलेला आणि ट्यूब जमेल तितकी लांब. मधे पोकळी राहिली की मशीन आपोआप डोस वाढवतं. मॅग्निफिकेशननेही वाढतो. किरण झटक्याझटक्याने सुटतात त्या पल्स कमी करता येतात, शेवटचं चित्र स्क्रीनवर धरून ठेवता येतं. या दोन सोयी जवळपास प्रत्येक नव्या मशीनवर असतात आणि बऱ्याच ओटींत कुणी वापरत नाही. पायाचा पेडल डॉक्टरांच्या ताब्यात असतो आणि ते स्क्रीनऐवजी जखमेकडे बघत असतानाही तो दाबलेला राहतो. पाच मिनिटांचा बझर वाजला की तो गुपचूप बंद करू नका, "सर, पाच मिनिटं झाली" असं म्हणा.

तिसरी, एप्रन. ०.५ मिलिमीटर शिशाच्या ताकदीचा एप्रन अशा कामातलं ९० टक्क्यांहून जास्त स्कॅटर अडवतो. ०.२५ चा हलका असतो, पण सी-आर्मजवळ रोज उभं राहणाऱ्याने जाड घ्यावा. फक्त पुढून झाकणारा एप्रन घालून ट्रॉलीकडे वळलात की पाठ उघडी. सतत हालचाल करणाऱ्या सिस्टरना आणि भूलतज्ज्ञांना गोल गुंडाळणारा हवा. वजन खांद्यावर येऊन पाठ धरते, म्हणून कमरेला पट्टा असलेला किंवा स्कर्ट-जॅकेट असा दोन भागांतला बघा. गळ्याला थायरॉइड शील्ड, तेही बांधलेलं. नुसतं लोंबणारं नको.

आणि डोळे. रेडिएशनने मोतीबिंदू होतो आणि तो आधी वाटायचं त्यापेक्षा कमी डोसला होतो, हे लक्षात आल्यावर आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने एप्रिल २०११ मध्ये डोळ्याच्या भिंगाची शिफारस केलेली मर्यादा वर्षाला १५० वरून सरासरी २० मिलिसीव्हर्टवर (शरीरावरच्या परिणामाच्या हिशोबाने डोस मोजायचं एकक) आणली. कॅथलॅबमध्ये असाल तर लेडचा चष्मा मागा आणि छताला टांगलेली काच खाली ओढून वापरा. ती वर ढकलून ठेवलेली असते, आणि तिच्यावर धूळ किती बसली आहे त्यावरून तिथली शिस्त कळते.

हात झोतात कधीच नाही. हाड धरून ठेवायला सर्जन सांगतील, "एकच सेकंद" म्हणतील. साधन वापरा किंवा पेडल सुटल्यावर धरा. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली स्वतःचे हात झोतात धरून ट्यूब तपासायचा. दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली तो गेला. तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे.

एप्रनची निगा थोडक्यात: घडी घालायची नाही, खुर्चीवर टाकायचा नाही, जाड हँगरवर टांगायचा. घडीच्या रेषेवर आतलं शिसं भेगाळतं आणि बाहेरून कापड नवंकोरं दिसतं. वर्षातून एकदा सी-आर्मखाली धरून तपासायचा, आणि भेग सापडली तर त्यावर मार्करने खूण करून तो वापरातून काढायचा. जुना एप्रन भंगारवाल्याला देऊ नका.

सीटी आणि एमआरआय

सीटीत स्टाफ बाहेर असतो, त्यामुळे तुमचा प्रश्न लहान आणि पेशंटचा मोठा. पोटाचा एक सीटी साधारण ८ मिलिसीव्हर्टच्या आसपास जातो, छातीचा साधा एक्स-रे ०.०२ च्या. लहान मुलाला मोठ्यांच्या प्रोटोकॉलवर स्कॅन करणं ही इथली सर्वांत वाईट चूक; वय-वजन बघून प्रोटोकॉल बदलल्याशिवाय स्कॅन सुरू करू नका. कधी पेशंटपाशी थांबावंच लागलं तर गॅन्ट्रीच्या (सीटीच्या गोल कड्याच्या) तोंडासमोर न राहता बाजूला, तिच्या आडोशाला उभे राहा. तिथे स्कॅटर बरंच कमी असतं.

एमआरआय आणि सोनोग्राफीत हे किरण नाहीतच. पण एमआरआयचा चुंबक रात्रंदिवस चालू असतो, मशीन 'बंद' दिसलं तरी. २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजन सिलिंडरसह आत गेलेल्या एका नातेवाइकाचा जीव गेला. सिलिंडर, ट्रॉली, कात्री, बाहेर.

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये लागलात तर

इथे सगळा हिशोब उलटा. किरण मशीन देत नाही, इंजेक्शन दिल्यानंतर पेशंटच देतो, आणि बटण दाबून तो बंद करता येत नाही. टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य, म्हणजे जोर निम्मा व्हायला लागणारा वेळ, सहा तासांचं, पेट स्कॅनमध्ये वापरतात त्या फ्लोरिन-१८ चं सुमारे ११० मिनिटांचं, आयोडीन-१३१ चं आठ दिवसांचं. सगळे प्रश्न इंजेक्शनच्या आधी विचारून घ्या: साखर किती, पूर्वी ऑपरेशन झालं का, टॉयलेट कुठे आहे हे दाखवलं का, फॉर्मवर सही झाली का. नंतर पेशंटशेजारी बसून फॉर्म भरत राहणं ही नव्यांची हमखास सवय.

पेट विभागात लेड एप्रनवर विसंबू नका. फ्लोरिनच्या ५११ केईव्ही ऊर्जेच्या किरणांचा जोर निम्मा करायला चार-पाच मिलिमीटर शिसं लागतं, एप्रन अर्ध्या मिलिमीटरचा. इथे उपयोगी पडतात एल-बेंच (शिशाचा आडोसा असलेलं टेबल), सिरिंज शील्ड, लांब चिमटे आणि झपाट्याने चालणारे हात. म्हणून खरं औषध हाती घेण्याआधी साध्या सलाइनवर सराव करून घ्या, हात बसेपर्यंत. ग्लोव्ह्ज घालून दाराच्या कडीला हात लावायचा नाही, खोलीत खाणंपिणं नाही, आणि घरी जाण्याआधी हात-पाय मॉनिटरसमोर धरायचे. काही सांडलं तर पुसण्याआधी ओरडा, लोकांना थांबवा, मग बाहेरून आतल्या दिशेने पुसा.

पाळीचा प्रश्न

पाळीच्या वयातल्या प्रत्येक बाईला विचारायचं, पण कसं, हे पुस्तकात नसतं. दारात, सासूसमोर, रांगेतल्या पंधरा माणसांदेखत "प्रेग्नंट आहात का?" विचारलंत तर उत्तर 'नाही' असंच येणार. लग्न न झालेल्या मुलीला असं विचारलंत तर भांडण होईल. नातेवाइकांना बाहेर थांबवा, गाऊन देताना हळू आवाजात विचारा: "ताई, शेवटची पाळी कधी आली होती? हे आम्ही सगळ्यांनाच विचारतो." शक्यतो हे काम बाई कर्मचाऱ्याने करावं. तारीख फॉर्मवर लिहा.

पाळी चुकली असेल तर तपासणी करायची की नाही हे रेडिओलॉजिस्ट आणि उपचार करणारे डॉक्टर ठरवतील. तुम्ही "बाळाला धोका आहे" असं काही बोलू नका. हातापायाच्या किंवा छातीच्या एक्स-रेत गर्भापर्यंत जाणारा डोस नगण्य असतो. गर्भाला १०० मिलिग्रेच्या खाली डोस मिळाला तर केवळ त्या कारणाने गर्भपात समर्थनीय नाही, असं आंतरराष्ट्रीय आयोगाचं मत आहे, आणि नेहमीच्या तपासण्या याच्या पुष्कळ खाली असतात. घाबरून चुकीचा निर्णय घेतला जातो तो अशाच एखाद्या अर्धवट वाक्यामुळे.

तुम्ही स्वतः गरोदर असाल तर लवकर, लेखी कळवा. कळवल्यापासून बाळंतपणापर्यंत गर्भाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये ही मर्यादा आहे. त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. सी-आर्म, कॅथलॅब आणि आयोडीनच्या कामातून बाजूला करून कन्सोल किंवा रिपोर्टिंगचं काम मागा.

शेवटची पायरी: स्वतःचा रिपोर्ट वाचा

टीएलडीचा रिपोर्ट फायलीत जातो आणि बहुतेकांना दिसतही नाही. मागा आणि वाचा. आपल्याकडे कर्मचाऱ्यांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसासाठी १. निसर्गातूनच जगभरात सरासरी २.४ मिळतो. नीट चाललेल्या एक्स-रे खोलीत काम करणाऱ्याचा वर्षाचा आकडा बहुतेकदा १ च्याही खाली राहतो. घरच्यांना मूलबाळाची काळजी वाटत असेल तर हेही सांगा: पुरुषांमध्ये शुक्राणू तात्पुरते कमी व्हायलासुद्धा वृषणांना एकदम १५० मिलिग्रेच्या आसपास डोस लागतो. कॅन्सरच्या बाबतीत मात्र अशी खालची हद्द धरत नाहीत, कमी डोसला कमी धोका असं मानून चालतात. म्हणून मर्यादेच्या आत आहे म्हणून सैल राहायचं नाही.

तुमचा आकडा शेजारच्यापेक्षा सारखा जास्त येत असेल तर आधी बॅज रात्री कुठे राहतो ते तपासा, मग तुम्ही सी-आर्मच्या कोणत्या बाजूला उभे राहता ते. दोन ठिकाणी काम करत असाल, सकाळी हॉस्पिटल आणि संध्याकाळी खाजगी सेंटर, तर दोन्हीकडच्या आरएसओंना सांगा. डोस दोन्हीकडचा मिळून मोजला गेला पाहिजे. तुम्हाला मिळालेला टीएलडीचा वैयक्तिक क्रमांक नोकरी बदलली तरी तोच चालतो, त्यामुळे तो फोनमध्ये लिहून ठेवा. नोकरी सोडताना बॅज परत करा आणि अनुभवाच्या दाखल्यासोबत आजवरच्या डोस रेकॉर्डची प्रत मागून घ्या. नवीन ठिकाणी फॉर्म भरताना जुना क्रमांक द्या, 'नवीन कर्मचारी' म्हणून दुसरा घेऊ नका.